वैर सत्तेशी, सख्य जनतेशी



आयर्लंड हा महाराष्ट्राला अगदीच अपरिचित देश नाही. १९१६ च्या एप्रिल महिन्यात बेळगावच्या परिषदेत लोकमान्य टिळकांनी ज्या होमरूल लीगची स्थापना केली, तिचे नावच मुळी आयरिश राजकारणातून आलेले होते. आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. बहिष्काराला इंग्रजीत जो ‘बॉयकॉट’ शब्द आहे, तो १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्मास आला. तेथील कुळांनी जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याला वाळीत टाकले होते. या जुन्या परिचयामुळे आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे की, आयरिश माणूस हा ब्रिटिशांचा हाडवैरी असतो आणि दोन्ही सरकारांत बेबनाव झाला की हे वैर उसळून वर येते. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेले अर्धे सत्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांना अधिक उपयोगाचे असल्यामुळे त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

डब्लिन शहरात जेमतेम वर्षभराच्या अंतराने घडलेल्या दोन घटना पाहाव्यात. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी गोळीबार केला. निःशस्त्र अशी तेरा माणसे त्या दिवशी ठार झाली, चौदावा नंतर दगावला. आयरिश सरकारने लंडनमधील आपला राजदूत परत बोलावला. २ फेब्रुवारीला राष्ट्रीय शोकदिन पाळण्यात आला आणि त्या दिवशी डब्लिनच्या मेरियन चौकातील ब्रिटिश वकिलात हजारोंच्या जमावाने जाळून टाकली. दोन्ही देशांच्या संबंधांत इतका कडवटपणा कित्येक दशकांत आला नव्हता. त्या मोसमात स्कॉटलंड आणि वेल्स यांच्या रग्बी संघांनी डब्लिनला येण्याचे टाळले.

पुढल्या वर्षी पाळी इंग्लंडच्या संघाची होती. तो आला. १० फेब्रुवारी १९७३ रोजी लॅन्सडाउन रोडच्या मैदानावर इंग्लिश खेळाडू उतरले, तेव्हा सारे प्रेक्षागृह उभे राहिले आणि सुमारे पाच मिनिटे टाळ्यांचा गजर चालला. सामना आयर्लंडने १८ विरुद्ध ९ असा जिंकला. रात्रीच्या भोजनप्रसंगी इंग्लंडचा कर्णधार जॉन पुलिन याने, आम्ही खेळात फारसे चांगले नसू, पण निदान आम्ही येतो तरी, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि त्यालाही टाळ्या पडल्या. वकिलात जाळणारे शहर आणि इंग्लिश संघासाठी उभे राहणारे शहर एकच होते. मधल्या वर्षात ब्रिटिश सरकारने काही न्याय केला होता असेही नाही. लॉर्ड विजरी यांच्या चौकशीने सैनिकांवर पांघरूणच घातले होते.

रग्बीचा प्रेक्षक सुखवस्तू आणि वकिलातीपुढचा जमाव वेगळा, असा आक्षेप यावर घेता येईल. तो अगदीच निराधार नाही. तथापि, सत्ता आणि जनता यांत भेद करण्याची ही वृत्ती सुखवस्तूंची मिरास नव्हती. तिचे मूळ आयरिश शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या इतिहासात सापडते.

मायकेल डॅव्हिट याचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तो १८४६ साली, भीषण दुष्काळाच्या ऐन काळात, मेयो परगण्यात जन्मला. १८५० मध्ये जमीनदाराने त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढले. ते कुटुंब पोट भरण्यासाठी इंग्लंडमधील लँकेशायरला गेले आणि तेथील कापडगिरणीत वयाच्या अकराव्या वर्षी यंत्रात सापडून डॅव्हिटचा उजवा हात गेला. इंग्रजांचा द्वेष करण्याला याहून सबळ कारण कोणते हवे? परंतु त्याच गावातील एका इंग्रज हितचिंतकाच्या मदतीने तो मेथडिस्ट पंथाच्या शाळेत शिकला आणि गिरणीत राबणारा इंग्रज मजूरही आपल्यासारखाच नाडलेला आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे सशस्त्र कटाबद्दल सात वर्षे इंग्लंडच्या तुरुंगात काढून आलेल्या या माणसाने १८७९ साली लँड लीगच्या स्थापनेत पुढाकार घेतला. आयर्लंडचा शत्रू इंग्रज लोक नसून जमीनदारी आणि तिला पोसणारी राजवट हा आहे, ही भूमिका त्याने सातत्याने मांडली. आणि १९०६ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, तो ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या उमेदवारांचा प्रचार करीत होता.

१९१३ च्या डब्लिनमधील टाळेबंदीने या नात्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या. मालकांनी हजारो कामगारांना उपाशी मारण्याचा घाट घातला असता, ब्रिटिश कामगार संघटनांनी पाठवलेले अन्नधान्याचे जहाज सप्टेंबरच्या अखेरीस डब्लिनच्या धक्क्याला लागले. मात्र डिसेंबरमध्ये सहानुभूतीचा संप करण्यास त्याच संघटनांच्या नेतृत्वाने नकार दिला. जेम्स कॉनली याला ती गोष्ट फार लागली. तेव्हा ब्रिटिश जनतेशी सख्य म्हणजे सदैव सुखाचा संसार होता, असे कोणी समजू नये.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मोठ्या बेबनावाकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १९३२ मध्ये डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि जमीन खरेदीच्या जुन्या कर्जापोटी आयरिश शेतकऱ्यांकडून ब्रिटनला जाणारे सुमारे ३० लाख पौंडांचे वार्षिक हप्ते त्यांनी रोखले. ब्रिटनने आयरिश शेतमालावर २० टक्के जकात बसवली. आयर्लंडने उलट जकात बसवली. त्या वेळी आयर्लंडच्या निर्यातीपैकी ९० टक्क्यांहून अधिक माल ब्रिटनमध्येच विकला जात होता. गुरांचे भाव कोसळले. वासरे मारून त्यांची कातडी दिल्यास सरकार बक्षिसी देऊ लागले. कोळसा सोडून इंग्रजांचे सारे काही जाळा, ही अठराव्या शतकातली घोषणा पुन्हा ऐकू येऊ लागली.

परंतु ‘आयरिश जनमत’ नावाची एकसंध वस्तू तेव्हाही नव्हती. लहान शेतकरी आणि मजूर डी व्हॅलेरांच्या मागे उभे राहिले, तर निर्यातीवर जगणारे गुरांचे मोठे व्यापारी-शेतकरी विरोधात गेले आणि त्यांच्यातले काही निळ्या डगलेवाल्यांच्या फॅसिस्ट वळणाच्या संघटनेत शिरले. देशाभिमानाचा भार कोणाच्या खांद्यावर किती पडतो, यावर त्या अभिमानाची भाषा ठरत होती. शिवाय त्या घोषणेत कोळशाला वगळले होते, ही गोष्टही बोलकी आहे. थंडीत चूल पेटायला हवीच होती. १९३५ च्या आरंभी कोळसा आणि गुरे यांच्या अदलाबदलीचा करार झालाच. आणि १९३८ मध्ये एकरकमी १ कोटी पौंड देऊन हे आर्थिक युद्ध मिटले.

सरकारे जकातीच्या भिंती बांधीत असतानाही आयरिश मजूर त्याच समुद्रावरून ब्रिटनला कामासाठी जात होते. पुढे हा ओघ प्रचंड वाढला. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत, तीस लाखांहूनही कमी लोकवस्तीच्या त्या देशातून निव्वळ सुमारे ४ लाख माणसे बाहेर पडली आणि त्यांतली बहुतेक ब्रिटनला गेली. रस्ते खणणारे, इमारती बांधणारे, सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून राबणाऱ्या मुली, अशी ही माणसे होती. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर पश्चिम आयर्लंडमधील कित्येक घरे चालली. ब्रिटनच्या १९४९ च्या कायद्याने आयर्लंडला ‘परदेश’ मानू नये असे ठरवले. आयरिश नागरिक ब्रिटनमध्ये मतदान करू शकतो आणि १९८५ पासून ब्रिटिश नागरिकालाही आयर्लंडच्या संसदीय निवडणुकीत मत देता येते. ज्या घरातली लेक बर्मिंगहॅमला नांदते आहे, त्या घराला अवघ्या ब्रिटिश जातीचा द्वेष करणे परवडत नाही.

या विवेकाची सर्वांत कठोर परीक्षा त्याच बर्मिंगहॅममध्ये झाली. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी तेथील दोन पबांत स्फोट होऊन २१ माणसे मेली. आयर्लंडच्या मुक्तीच्या नावाने सामान्य इंग्रज माणूस मारण्यात आला होता. त्यानंतर घाईघाईने झालेल्या दहशतवादविरोधी कायद्याने ब्रिटनमधील सारा आयरिश समाज संशयित ठरवला आणि सहा निरपराध आयरिश माणसांनी सोळा वर्षे तुरुंगात काढली. बाँब ठेवणारे आणि कायदा करणारे या दोघांनीही एकच चूक केली. सरकारच्या किंवा टोळीच्या कृत्याचा जाब त्यांनी संपूर्ण लोकांकडून घेतला. त्या सहा जणांची १९९१ मध्ये सुटका झाली, ती मिळवण्यासाठी झटणाऱ्यांत क्रिस मलिन हे ब्रिटिश मजूर पक्षाचे खासदार आघाडीवर होते. आणि १९९३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथील स्फोटात दोन लहान मुले दगावली, तेव्हा डब्लिनच्या रस्त्यावर हजारो आयरिश नागरिक त्या हिंसेचा निषेध करण्यासाठी उतरले. अध्यक्षा मेरी रॉबिन्सन वॉरिंग्टनच्या शोकसभेस स्वतः गेल्या.

१९९८ च्या गुड फ्रायडे कराराने बंदुका बव्हंशी थंडावल्या. २००७ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचा रग्बी संघ क्रोक पार्कवर खेळला. या मैदानावर १९२० साली ब्रिटिश सशस्त्र दलांनी चौदा माणसे मारली होती. तेथे ब्रिटिश राष्ट्रगीत वाजले आणि प्रेक्षकांनी ते आदराने ऐकले. २०१० च्या जूनमध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी पार्लमेंटमध्ये १९७२ च्या हत्याकांडाबद्दल माफी मागितली, तेव्हा डेरीच्या चौकात पडद्यावर ते भाषण ऐकणाऱ्या गर्दीने हुजूर पक्षाच्या त्या पंतप्रधानासाठी टाळ्या वाजवल्या. माफी मिळवण्यासाठी त्या कुटुंबांना ३८ वर्षे झगडावे लागले होते. सत्य पदरात पडल्यावरच टाळी वाजली, हा क्रम विसरता कामा नये.

२०१६ च्या जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि नवा बेबनाव सुरू झाला. उत्तर आयर्लंडच्या सुमारे ५०० किलोमीटर सीमेवर पुन्हा नाकी उभी राहणार, ही भीती निराधार नव्हती. त्याच नाक्यांवर पूर्वी माणसे मेली होती. नाकी टाळण्याची हमी करारातच हवी, असा आग्रह आयर्लंडने धरला आणि तेथील सर्व प्रमुख पक्ष त्यावर एक राहिले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हुजूर पक्षाच्या एका माजी मंत्र्याने, करार न झाल्यास आयर्लंडमध्ये अन्नटंचाई होईल या शक्यतेचा वाटाघाटीत दबावासाठी उपयोग करायला हवा होता, अशा अर्थाचे विधान केल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या देशात १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तेथे याचा संताप उसळणे साहजिकच होते.

पण तो संताप लंडनच्या मंत्र्यांवर होता. ब्रिटिश मालावर बहिष्काराची चळवळ उभी राहिली नाही. इंग्लिश फुटबॉल संघांचे आयरिश चाहते पूर्वीप्रमाणेच समुद्र ओलांडत राहिले. वाद ऐन भरात असताना, २०१९ च्या मे महिन्यात, दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या नागरिकांचे राहण्याचे व काम करण्याचे जुने हक्क कायम ठेवणाऱ्या समझोत्यावर सह्या केल्या. या संयमामागे आर्थिक कारणही आहे. १९३२ मध्ये जवळजवळ सारी निर्यात ब्रिटनवर विसंबून होती. २०१६ पर्यंत ब्रिटनला जाणाऱ्या मालाचा वाटा सातव्या-आठव्या हिश्श्यावर आला होता. १९७३ साली दोन्ही देश एकाच दिवशी युरोपच्या सामायिक बाजारात शिरले, तेव्हापासून हे परावलंबन ओसरत गेले. गरजवंताच्या रागात भीती मिसळलेली असते. आयर्लंडला या वेळी बरोबरीच्या नात्याने बोलता आले, म्हणून त्याला ओरडावे लागले नाही.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो सर्वांत अवघड आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ‘ब्रिटिश’ हा समुद्रापलीकडचा माणूस नाही, तो पुढल्या गल्लीत राहतो. २०२१ च्या जनगणनेत तेथील सुमारे ३२ टक्के लोकांनी स्वतःला केवळ ब्रिटिश, २९ टक्क्यांनी केवळ आयरिश आणि सुमारे २० टक्क्यांनी केवळ उत्तर आयरिश म्हटले. गुड फ्रायडे कराराने तेथील प्रत्येकाला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही असण्याचा हक्क दिला आहे. एकसंध आयर्लंडची मागणी करणाऱ्यांना उद्या या शेजाऱ्याला सांगावे लागेल की, आमचे भांडण लंडनच्या सत्तेशी होते, तुझ्याशी नव्हे. त्याचा विश्वास बसेल की नाही, हे मागच्या शंभर वर्षांत हा भेद कोणी किती प्रामाणिकपणे पाळला यावर ठरणार आहे. बर्मिंगहॅमच्या स्फोटाने त्या विश्वासातून मोठी वजाबाकी केली आणि वॉरिंग्टनसाठी निघालेल्या सभेने थोडी भर घातली.

कोणत्याही अन्यायी सत्तेशी लढताना तिच्या प्रजेला शत्रू ठरवणे सोपे असते. सभा चटकन पेटते. पण डॅव्हिटला लँकेशायरच्या गिरणीत जे दिसले ते ध्यानात ठेवणारी चळवळच लढाई संपल्यावर शेजार करू शकते. सत्तेला जाब विचारण्यात कसूर करू नये आणि तो जाब भलत्या माणसाकडून घेऊ नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणे शक्य आहे, एवढे तरी आयरिश जनतेच्या अनुभवावरून सिद्ध होते.