खाशाबा जाधव : मातीतून गादीवर

मल्लाचे चरित्र सांगावयाचे म्हणजे त्याने मारलेल्या कुस्त्यांची यादी वाचून दाखवावयाची, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. आज मी ती रीत मोडणार आहे. कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळविले आणि वैयक्तिक खेळात ऑलिंपिक पदक मिळविणारे स्वतंत्र भारताचे ते पहिले खेळाडू ठरले, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. परंतु मला त्यांच्या विजयांहून त्यांचे पराभव अधिक बोलके वाटतात. हा मल्ल जेथे जेथे मागे पडला, तेथे त्याचे बळ कमी पडले की आणखी काही, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

कुस्ती म्हटली की कोल्हापूर आठवावे, हे ओघानेच आले. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले असता वाटेत त्यांनी रोम शहरातील प्राचीन क्रीडागारे पाहिली. तशीच भव्य जागा आपल्या मल्लांसाठी असावी, या कल्पनेतून पुढे १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. मधोमध उंच हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही डाव आणि पेच स्पष्ट दिसावा. राजाश्रय म्हणजे नुसती इनामे वाटणे नव्हे. खेळ पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या डोळ्यांची सोय करणे हाही राजाश्रयच होय, हे त्या राजाने ओळखले होते.

या नगरीत पेठापेठांतून तालमी आहेत. तालमीतील तांबडी माती म्हणजे साधी माती नव्हे. ती चाळून घ्यावयाची, तीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळावयाचे, रोज पहाटे हौदा खणून ती मऊ करावयाची. आणि हे काम नोकराने नव्हे, पठ्ठ्याने स्वतः करावयाचे. मग जोर, बैठका, मेहनत आणि लढत. पाश्चात्त्य देशांत ज्या कसरतीला जिम्नॅस्टिक म्हणतात, तिच्याशी नाते सांगणारा आपला मल्लखांब हाही मुळात मल्लाचा मुका जोडीदारच. मातीवरच्या जुन्या कुस्तीला घड्याळाचे बंधन नसे. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत लढावयाचे, हा तिचा सरळ न्याय. हा न्याय आपण ध्यानात ठेवावा. कारण पुढील हकिगतीत त्याचा संबंध येणार आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असल्यामुळे मातीची ओळख घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी या शाळकरी मुलाने हातभार लावला, असे सांगतात. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. अंगाने ते आडदांड नव्हते. उंची बेताची आणि वजनही हलकेच. परंतु चपळाई विलक्षण होती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला क्षणार्धात उलथा करावयाचा, आणि त्याला काय झाले हे उमजण्यापूर्वी कुस्ती निकालात काढावयाची!

शिकल्यासवरल्या घरांतून त्या काळी एक समजूत होती, आणि ती आजही समूळ गेली आहे असे मला वाटत नाही, की तालीम ही बुद्धीने मंद असलेल्या मुलांची जागा. एका हाती पुस्तक आणि दुसऱ्या हाती लंगोट घेऊन वावरणाऱ्या या विद्यार्थ्याने त्या समजुतीला परस्पर उत्तर दिले.

१९४८ साली लंडनचे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा ५२ किलो वजनाच्या गटात लढण्यास विलायतेस गेले. तेथे त्यांच्यापुढे काय मांडून ठेवले होते? माती नव्हे, तर गादी! जन्मभर ज्या पायांनी मऊ मातीत रोवून उभे राहण्याची सवय केली, ते पाय आता निराळ्याच पृष्ठभागावर टेकवावयाचे. शिवाय घड्याळाचे बंधन आले, पंचांचा कौल आला, आणि नियमांचे एक नवे शास्त्रच पुढे उभे राहिले. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना या नव्या पद्धतीचे धडे दिले. एवढ्या अल्प शिदोरीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना नमविले. पुढे इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून ते हरले आणि त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पहिला पराभव तो हा. येथे उणे पडले ते बळ नव्हे, परिचय उणा पडला. पोहणाऱ्याला विहिरीत शिकवून एकदम समुद्रात सोडावे, तसा हा प्रकार झाला.

परत आल्यावर मल्लाने दैवाला दोष दिला नाही. चार वर्षे त्याने मेहनत वाढविली, वजन वाढविले, आणि ५७ किलोच्या गटात उतरण्याची सिद्धता केली. परंतु हेलसिंकीच्या वाटेवर पहिला अडसर आला तो स्वदेशातच. मद्रास येथील राष्ट्रीय सामन्यांत आपल्याला एक गुण कमी देण्यात आला आणि त्यामुळे निवड हुकली, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असून स्वतः क्रीडाप्रेमी होते. त्यांनी निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती लावून दिली, आणि खाशाबांनी ती चीतपट मारली. वादाचा निवाडा वादाने न होता हौद्यात झाला. दाद ऐकणारा माणूस भेटला म्हणून हे घडले. तो न भेटता तर एका गुणाच्या अंतरावर हे सारे चरित्र संपले असते!

निवड झाली, आता प्रश्न आला पैशाचा. फिनलंड देशाचा प्रवास म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाला आटोक्यातली गोष्ट नव्हे, आणि सरकारी मदत पुरेशी नव्हती. खाशाबा आणि त्यांचे आप्तेष्ट झोळी घेऊन हिंडले. गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी यथाशक्ती वर्गणी दिली. तरीही रक्कम भरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे एके वेळचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये आपल्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले.

श्रोतेहो, या ठिकाणी मी क्षणभर थांबतो. प्राचार्य म्हणजे ग्रंथांचा माणूस. त्याने हौद्यात उतरावे अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती. विद्यार्थ्याला आशीर्वादाचे चार शब्द देऊन त्याला मोकळे होता आले असते. त्या काळचे सात हजार म्हणजे लहान रक्कम नव्हती. आणि पदक मिळेल याची हमी तर कोणीच दिलेली नव्हती. तरीही छप्पर गहाण पडले. कुस्ती एकट्याची खरी. परंतु मल्ल एकट्याने घडत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

आता हेलसिंकीकडे वळू. खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विन यांना आणि मेक्सिकोच्या बासुर्तो यांना पाडले. जर्मनीच्या श्मिट्झ यांनाही हरविले. पुढे गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. हे इशी मूळचे जूदो विद्येत मुरलेले. कुस्ती दीर्घकाळ झुंजीची झाली आणि पंचांचा कौल इशींच्या बाजूने गेला. याच इशींनी पुढे सुवर्णपदक जिंकले. त्या सामन्यांत जपानला मिळालेले ते एकच सुवर्णपदक होय. तेव्हा या पराभवात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

परंतु पुढचा प्रसंग निराळा आहे. ती झुंज संपते न संपते तोच खाशाबांना रशियाच्या संघातील रशीद मामदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास पाचारण करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या दरम्यान निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून देण्यास, पंचांपुढे उभे राहून चार शब्द बोलण्यास, त्या क्षणी भारताचा एकही अधिकारी जवळ हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, धापा टाकणाऱ्या मल्लाने स्वतःच स्वतःची वकिली करावी तरी कशी? तो तसाच गादीवर उतरला आणि हरला. मामदबेयोव्ह यांना रौप्यपदक मिळाले. खाशाबांच्या वाट्याला कांस्यपदक आले. तो दिवस २३ जुलै १९५२.

लंडनला परिचय उणा पडला होता. मद्रासला न्याय उणा पडू पाहत होता. हेलसिंकीला उणा पडला तो पाठीशी उभा राहणारा एक माणूस. बळ मात्र कोठेच उणे पडले नाही. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता काय, हे आज कोणालाच सांगता यावयाचे नाही, आणि तसे सांगणे मामदबेयोव्ह यांच्यासारख्या मातबर मल्लावर अन्यायाचेही होईल. परंतु मल्लाला हक्काची अर्धी घटका मिळवून देणे हे मल्लाचे काम नव्हते, एवढे तर निश्चित. त्याच सामन्यांत कोल्हापूरकडचे दुसरे मल्ल केशव माणगावे हे वरच्या वजनी गटात चौथे आले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कराडच्या स्टेशनावर शंभरावर बैलगाड्या सजून उभ्या होत्या. स्टेशनापासून गावापर्यंतचा वाटेचा जो तुकडा एरव्ही पाव तासात संपावयाचा, तो त्या दिवशी सात तासांत संपला, असे सांगतात. त्या वर्षी भारताच्या हॉकी संघानेही सुवर्णपदक जिंकले होते आणि देशाचे कौतुक बव्हंशी तिकडे गेले. गोळेश्वरचे कौतुक मात्र अविभक्त राहिले. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? कुस्त्यांचे फड लावले, ते जिंकले, आणि मिळालेल्या पैशातून आपल्या गुरुजींचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. मला तर हीच त्यांची सर्वांत मोठी निकाली कुस्ती वाटते.

पुढची कहाणी सांगताना मन जड होते. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्नचे सामने हुकले. सत्तावीस वर्षांच्या चाकरीत ते सहायक आयुक्ताच्या हुद्द्यापर्यंत चढले; परंतु निवृत्तीनंतर वेतनासाठी त्यांना दीर्घकाळ खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने आला तो मरणोत्तर. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी तेथील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले. हयातीत ज्याला हक्काची विश्रांती मिळवून देता आली नाही, त्याला मरणोत्तर मान देण्यात आपण कुचराई केली नाही, एवढेच म्हणावयाचे!

हेलसिंकीनंतर वैयक्तिक खेळातील दुसरे पदक भारताला मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. महाराष्ट्राला तर तब्बल ७२ वर्षे वाट पाहावी लागली. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा ती खंडित झालेली साखळी पुन्हा जुळली. कांबळवाडीही खेडेच, गोळेश्वरही खेडेच. दोन खेड्यांच्या मधली ही ७२ वर्षे गुणांच्या दुष्काळाची होती, असे मला म्हणवत नाही. गुण होते, पाठीशी उभे राहणारे थोडे होते.

श्रोतेहो, आपणांपैकी प्रत्येकाला हौद्यात उतरता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. परंतु आपल्या घरात, शेजारात, शाळेत एखादे मूल भल्या पहाटे उठून धावावयास जात असेल, मल्लखांबावर चढत असेल, मातीने माखून घरी येत असेल, तर “याने पुढे काय होणार?” हा प्रश्न त्याला करण्यापूर्वी आपण त्याच्यासाठी काय करणार, हा प्रश्न स्वतःस विचारावा. घर गहाण टाकण्याचा प्रसंग सर्वांवर येत नाही. नियमांचे पुस्तक वाचून त्याला समजावून सांगणे, सामन्याच्या दिवशी त्याच्या सोबत जाणे, आणि त्याच्यावर अन्याय होत असेल तर पंचांपुढे जाऊन अदबीने चार शब्द बोलणे, एवढे तरी कोणत्याही सुशिक्षित गृहस्थाला साधण्यासारखे आहे. हेलसिंकीच्या गादीजवळ त्या दिवशी ज्या माणसाची जागा रिकामी होती, ती जागा भरण्यासाठी मल्ल असावे लागत नाही.