गुळव्याचा धीर



आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. मी ३५ वर्षे मास्तरकी केली. "धीर धरा, लक्ष द्या," असे मुलांना रोज सांगितले. पण धीर म्हणजे काय, ते मला म्हातारपणी एका गुळव्याने शिकवले.

मी नवा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात एक मुलगा होता. त्याला जोडाक्षर जमत नसे. एकच शब्द त्याने पाच वेळा चुकवला. माझा पारा चढला. मी त्याची पाटी हिसकली आणि आपटली. पाटी फुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. पुढेही आला नाही. मीही त्याच्या घरी गेलो नाही. पाटी काय, बाजारात दुसरी मिळते. मुलाची शाळा मात्र कायमची सुटली.

नोकरी संपल्यावर एकदा पन्हाळा तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी गूळ आणायला गेलो. काहिलीत उसाचा रस उकळत होता. काठाशी गुळव्या उभा होता. बघतो तर तोच मुलगा! आता पन्नाशीला आलेला. त्याने मला ओळखले. वाकून नमस्कार केला. माझी मान खाली गेली.

मला एस.टी. गाठायची होती. मी म्हणालो, "बाबा, जाळ वाढव की जरा. लवकर होईल."

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, गुळाला घाई चालत न्हाई. लवकर उतरला तर घट्ट हुत न्हाई. उशीर झाला तर करपतोय. आपण बघत ऱ्हायचं."

मी एस.टी. सोडली आणि बघत बसलो. रस तापला तशी त्याने त्यात रानभेंडीची चिकट पाणी घातले. मळी वर आली. त्याने ती काढली. पुन्हा आली, पुन्हा काढली. पुढे रस दाटला. बुडबुड्यांचा आवाज बदलला. जाळ घालणाऱ्याला तो म्हणाला, "आवर आता." मग पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी करून पाहिली. गोळी मऊ होती. तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिली. आता गोळी घट्ट झाली. लगेच ओरडला, "उतरा!" मग मात्र त्याने क्षणभरही उशीर केला नाही.

अशा वेळी पाक सुमारे ११८ अंश सेल्सियस तापलेला असतो. गुळव्याजवळ यंत्र नव्हते. त्याचे डोळे, कान आणि बोटे कामावर होती. तेवढे पुरले.

मंडळी, धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. तो आळस झाला. कामावर नजर ठेवून योग्य वेळेची वाट पाहणे, हा धीर. घाई करणाऱ्याचे मन पुढे पळते आणि हात मागे राहतो. चरकात ऊस घालताना मन घरी गेले, तर हात चरकात जातो. मग जन्मभर पस्तावायची पाळी येते.

म्हणून एक लहानशी सवय लावा. काम बिघडले, राग आला, तर लगेच काही करू नका. हात थांबवा. एक लांब श्वास घ्या. "काम आता कुठवर आले आहे?" असे स्वतःला विचारा. मग पुढचा हात घाला. त्या दिवशी मी एवढे केले असते, तर ती पाटी फुटली नसती.

गुऱ्हाळावर त्या दिवशी मी त्याची माफी मागितली आणि त्याला या वर्गाला बोलावले. तो आला. त्याने परवानगी दिली म्हणूनच ही गोष्ट सांगतो. पहिल्या दिवशी त्याच्या पेन्सिलीचे टोक तीनदा मोडले. माझा हात पुढे गेला. मी तो मागे घेतला आणि बघत राहिलो. त्याला जोडाक्षर यायला दोन महिने लागले. पण आले! आता अडत्याने दिलेली पट्टी तो स्वतः वाचतो. वजन बघतो, तोलाई बघतो, मगच सही करतो.

तुमचेही अक्षर आज वाकडे येत असेल. येऊ द्या. पुसा आणि पुन्हा काढा. तुमची पाटी आता कोणी फोडणार नाही.

एवढे बोलून मी पुरे करतो. राम राम.