खांबावर आपली पोरं हवीत

काकतीत तार तुटली की आपण हेस्कॉमच्या लाईनमनची वाट बघतो. तो आपल्या घरातला का नसावा? २०२४ च्या पॉवरमन भरतीत कर्नाटकाने दहावीचे गुण धरले, खांबावर चढायला लावले आणि दहावीला कन्नड नसलेल्यांना कन्नडची परीक्षाही ठेवली. (खांबाला कुठली भाषा कळते, कोण जाणे!) या अटीविरुद्ध आम्ही भांडणारच. पण दुसरी वाटही आहे. महाराष्ट्राने ८६५ गावांतल्या १५ वर्षांच्या रहिवाशांना आपल्या नोकऱ्यांचं दार उघडलंय. महावितरणला विद्युत सहायक लागतात, मात्र त्यासाठी आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री दाखला हवा. अभ्यासक्रम २ वर्षांचा. नुसत्या दहावीवर तिथं भागत नाही. निकाल लागताच मुलामुलींना घेऊन या; आयटीआयचे अर्ज आम्ही भरून देऊ.