जिप्सीतून दिसणारं अस्वल आणि मोहाखाली भेटणारं अस्वल

(ताडोबा बफरलगतच्या ग्रामसभांच्या मेळाव्यात झालेले भाषण. बोलले तसे उतरवून घेतले आहे. आपापल्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.)

समोर बसलेल्या मायबहिणींनो, दादाहो, आणि मागं झाडाखाली उभ्या असलेल्या पोरांनो, जरा पुढं या. ही गोष्ट तुमच्याच कामाची आहे.

मला सांगितलं होतं की वनहक्काच्या कलमांवर बोला. बोलतो, पण शेवटी. आधी एका अस्वलाची गोष्ट सांगतो. कारण आज आपल्यापुढं प्रश्न आला आहे तो असा : आपल्या सामूहिक वनहक्काच्या जंगलातून सफारीचा नवा रस्ता काढायचा म्हणतात. गेट गावाजवळ होईल, पोरांना गाईडचं काम मिळेल, म्हणतात. हो म्हणायचं, नाही म्हणायचं, का अटी घालून हो म्हणायचं, हे ग्रामसभेला ठरवायचं आहे. आणि त्याचं उत्तर मला त्या अस्वलाजवळ सापडलं.

माझा भाचा एका गेटवर गाईड आहे. मागच्या हिवाळ्यात एक दिवस जिप्सीत एक जागा रिकामी होती. तो म्हणाला, "मामा, बसा." आता बघा, सारा जन्म या जंगलात गेला माझा. मोह वेचला, तेंदू तोडला, बांबू आणला, गुरं चारली. सगळं पायी. गाडीत बसून जंगल पाहायची ती पहिलीच वेळ.

सकाळी रस्त्याच्या कडेला वारुळापाशी अस्वल दिसलं. पाठीवर दोन पिल्लं. नखांनी वारूळ फोडायचं, तोंड घालायचं आणि उधई ओढायची. तो सुर्रसुर्र आवाज आपल्याला दुरूनही ओळखू येतो. आमची एकच गाडी होती. सगळे गप्प. मीसुद्धा पाहतच राहिलो. अस्वल इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं, कारण पायी असलो की आपण थांबत नाही, मागं सरतो. मनात म्हटलं, हे लोक पैसे देऊन येतात ते काही उगाच नाही.

पण खबर गेली. दहा मिनिटांत अकरा गाड्या आल्या. काही पुढून, काही मागून. अस्वलाला रस्ता ओलांडून नाल्याकडं जायचं होतं. इकडं वळलं तं गाडी, तिकडं वळलं तं गाडी. एक पिल्लू पाठीवरून खाली उतरलं. गाडीत कोणी सीटवर उभं राहिलं, कोणी ड्रायव्हरला म्हणे, "अजून पुढं घे ना." तेव्हा ती माय मागच्या दोन पायांवर उभी झाली. आणि गाड्यांमधून आवाज आला, "वा, काय पोज दिली!"

मायबहिणींनो, तुम्हाला सांगायला नको. अस्वल उभं राहतं ते पोज द्यायला नाही. त्याची नजर अधू, नाक तेज. समोर कोण आहे याचा ते वास घेत असतं. मोहाखाली आपल्यासमोर ते असं उभं राहिलं असतं, तं आपल्या पायातलं बळ गेलं असतं. माझे हात थरथरत होते. भाच्याचेही. बाकी सगळे हसत होते. शेवटी एका ड्रायव्हरनं शहाणपण केलं, गाडी मागं घेतली, आणि ती पिल्लांना घेऊन निघून गेली. परतताना सगळे खुश. सायटिंग मस्त झाली.

त्याच फेरीत रानकुत्र्यांचा कळपही दिसला. एक बाई ओरडली, "लांडगे, लांडगे!" भाच्यानं समजावलं की ताई, लांडगा माळाचा, मोकळ्या रानाचा. दाट जंगलात कळपानं फिरतात ते रानकुत्रे, कोळसून. त्यांनी मान डोलावली, फोटो काढला, गाडी पुढं गेली. एवढं चांगलं समजावून सांगणारा माझा भाचा त्यांना आठवला असेल का, मला शंका आहे.

आता दुसरं अस्वल. मार्च-एप्रिलची पहाट. मोह टपटप पडतो. अस्वलालाही मोह आवडतो, आपल्यालाही लागतो. ते रात्री येतं, उजाडेपर्यंत रेंगाळतं. आपण उजाडताना जातो. दोघांची वेळ एकमेकांना घासते तिथंच घात होतो. वेचणारी बाई वाकलेली असते, टोपलीकडं लक्ष असतं. अस्वल दचकतं आणि सरळ चेहऱ्यावर येतं. आपल्या गावांत अशी माणसं आहेत, नावं घेत नाही. ती आज इथं बसलेलीही आहेत.

म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी नेम घालून दिले. एकटीनं जायचं नाही. फटफटल्याशिवाय झाडाखाली शिरायचं नाही. बोलत, काठी आपटत जायचं. माय आणि पिल्लांच्या मधे यायचं नाही. जनावराची वाट सोडायची. हे नेम कोणत्या बोर्डावर लिहिलेले नव्हते. पण त्यात जे आहे ते त्या अकरा गाड्यांत नव्हतं : जनावराला निघून जायला वाट ठेवायची.

आणि वाघाचं काय सांगू? १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या जंगलात तेंदूपानाला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीनं मारल्या. मे महिना म्हणजे तेंदूचा हंगाम. आणि मे महिना म्हणजेच सफारीचाही भर, कारण पाणी आटतं आणि जनावर पाणवठ्यावर हमखास दिसतं. एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात, एकाला वाघ दिसला नाही म्हणून वाईट वाटतं आणि दुसरीला तो दिसला म्हणून ती घरी येत नाही.

माझं बोलणं उलटं घेऊ नका. जनावर पाहावंसं वाटणं हे पाप नाही. शहरातलं लेकरू अस्वल पाहून हरखलं, तं मला आनंदच आहे. आणि गर्दी काय शहरातलेच लोक करतात का? २०२१ पासून छत्तीसगडकडून गडचिरोलीत रानहत्तींचा कळप आला. तेव्हा मोबाईल घेऊन मागं कोण धावलं? आपलीच पोरं. धान तुडवलं त्याचा राग होता, पण व्हिडिओची हौसही होती. तेव्हा दोष गाडीचा एकट्याचा नाही. जनावराला तमाशा समजण्याचा आहे.

आपल्या लोकांनी जनावराला तमाशा समजलं नाही. ताडोबा हे नावच पाहा. तारू हा आपल्या गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना गेला, असं जुने लोक सांगतात. तळ्याच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथं जत्रा भरायची. वाघाशी झुंजून मेला त्याला देव केलं, आणि वाघालाही वैरी केलं नाही. त्या देवाच्या नावानं आज जगभरचे लोक तिकीट काढतात. आणि त्याच्या लेकरांना त्याच्याकडं जायचं असेल तं गेटवर विचारावं लागतं.

हे एका दिवसात झालं नाही. १९५५ ला ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. ११६ चौरस किलोमीटर. १९८६ ला अंधारी अभयारण्य. १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. २०१० ला भोवतालचं बफर. रेघ दरवेळी बाहेर सरकली. बोटेझरी उठली, नवेगाव उठलं, जामणी उठली. कोणाला जमीन मिळाली, कोणाला पैसे मिळाले. पण मोहाचं झाड कोणाला सोबत नेता आलं नाही.

ही आपलीच कहाणी आहे असंही नाही. अमेरिकेत यलोस्टोन म्हणून राष्ट्रीय उद्यान आहे, जगातलं पहिलं, १८७२ चं. तिथंही डोंगरात राहणारे शोशोनी लोक होते. त्यांना आधी बाहेर काढलं आणि मग सांगितलं की हे निर्जन रान आहे. तिथले लांडगे मारून संपवले होते. मग १९९५ ला कॅनडातून आणून पुन्हा सोडले. आज लांडगे आणि अस्वलं पाहायला रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पूर्वी तिथले लोक गाडीतून अस्वलाला हातानं खाऊ घालायचे. अस्वलं धीट झाली, माणसं जखमी झाली, आणि शेवटी मारली गेली ती अस्वलंच. त्यातून ते शिकले. आता तिथं नेम आहे : अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, म्हणजे ३०० फूट, दूर राहायचं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, गर्दीला सरावलेलं जनावर शेवटी जिवानिशी जातं. दोन, नेम केला तं गर्दी आवरता येते. पण नेम कोण करणार, आणि मोडला तं दंड कोणाला, हा खरा प्रश्न.

३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या शेजारी, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्स्यांनी दोन्हीकडून घेरले. व्हिडिओ सगळीकडं फिरला. जानेवारीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली, ते बरंच झालं. पण पहिली कारवाई कोणावर झाली? ड्रायव्हर आणि गाईडांवर. म्हणजे गावातल्या पोरांवर. त्यांची चूक होतीच, मी झाकत नाही. पण "अजून पुढं घे" म्हणणारा आणि बक्षिशी दाखवणारा कोण असतो? गाडी पुढं घेतली नाही तं उद्या दुसरा ड्रायव्हर मागतो, ही भीती कोणाच्या पोटात असते? तमाशाचा पैसा वर जातो, तमाशाचा दंड खाली येतो. नव्या गेटवर आपली पोरं याच जागी उभी राहणार आहेत. म्हणून मी म्हणतो, की नुसती नोकरी मागू नका.

आता कलमं. २००६ चा वनहक्क कायदा. कलम ३ मध्ये सामूहिक वनाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क आपल्याला आहे. कलम ५ तं पाठच करून ठेवा. त्यात म्हटलं आहे की सामूहिक वनात कोणी कसं यायचं याचं नियमन करणारे, आणि वन्यप्राणी, वन, जैवविविधता यांना बाधा होईल असं काम थांबवणारे ग्रामसभेचे निर्णय पाळले जातील, हे पाहायचा अधिकार आपल्याला आहे. लक्षात घ्या, वन्यप्राण्यांच्या बाजूनं बोलायचा अधिकार कायद्यानं आपल्यालाही दिला आहे. आणि गाव हलवायचं असेल तं कलम ४ प्रमाणे ग्रामसभेची समजून-उमजून, मोकळेपणानं दिलेली लेखी संमती लागते. कोऱ्या कागदावर अंगठा म्हणजे संमती नाही.

आणि हे कागदावरच राहत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला. आपल्या जिल्ह्यात गोंडपिपरीचं पाचगाव. २०१२ ला हक्क मिळाला. तेंदूसाठी झुडपं छाटतात, आगी लावतात, म्हणून त्या गावानं तेंदूचा पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. जंगलाचा एक भाग देवाचा म्हणून हात न लावता राखला. हातात हक्क आला की गाव जंगल ओरबाडतं, असं म्हणणाऱ्यांना पाचगाव दाखवा.

तेव्हा नव्या रस्त्याबद्दल माझं म्हणणं असं. ठरावात हे लिहा :

एक. रस्ता कुठून जाईल हे ग्रामसभा ठरवेल. मोहाची राई, पाणवठा, देवाची जागा आणि अस्वलाची गुहा यांच्याजवळून नाही.

दोन. मोह आणि तेंदूच्या दिवसांत सकाळची फेरी बंद. त्या वेळी जंगलात आपल्या बाया असतात. गाड्यांनी हुसकलेलं जनावर त्यांच्या अंगावर जायला नको.

तीन. एका जनावरापाशी गाड्या किती आणि अंतर किती, हे आकड्यात लिहा. जनावराची वाट दोन्हीकडून कधीही अडवायची नाही.

चार. नेम मोडला तं दंड गाडीत बसलेल्यालाही. आणि पुढं जायला नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हर-गाईडच्या पाठीशी ग्रामसभा उभी राहील.

पाच. गेटच्या पैशातला वाटा ग्रामसभेच्या खात्यात. हिशोब दर तीन महिन्यांनी इथं, सगळ्यांसमोर.

सहा. मोह, तेंदू, जळतण, चराई आणि देवाला जायची वाट, यातलं काहीही गेटमुळं बंद होणार नाही.

यातली एकही अट मान्य नसेल, तं रस्ता नको. पोरांनो, तुम्हाला राग येईल, काम हवं आहे तुम्हाला. मलाही तुमच्यासाठी हवं आहे. पण असं काम हवं की "पुढं घे" म्हटल्यावर "नाही" म्हणता येईल.

ठराव घेताना निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. नाही तं ठराव टिकत नाही. मी तं म्हणतो, बाया निम्म्या असाव्यात. मोहाखाली अस्वलासमोर त्याच असतात.

शेवटचं बोलतो. त्या दिवशी एका ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली आणि माय पिल्लांना घेऊन गेली. दहा गाड्या तिथंच होत्या, एकानं वाट सोडली तेवढ्यानं भागलं. आपल्याला त्या अस्वलासारखं गेल्या सत्तर वर्षांत सगळीकडून घेरलं आहे. आपल्याला कोणी आपणहून वाट सोडणार नाही, ती ठरावानं काढावी लागेल. पण वाट काढताना अस्वलाचीही वाट ठेवा.

जय सेवा! जोहार!