भिंतीपलीकडचा शेजारी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या आढाव्यात पाणी, पार्किंग, लिफ्ट, सगळ्यांची आठवण निघाली. एक शेजारी मात्र राहून गेला. आपल्या मागच्या भिंतीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबई-ठाण्याला लागून सुमारे १०३ चौरस किलोमीटर जंगल! विहार आणि तुळशी हे तलाव त्यातच, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणीही त्यातच. चितळ, सांबर, माकडं आहेत. आणि बिबट्या आहे.

आज एक कबुली देतो. आपण राहायला आलो त्या सुरुवातीच्या काळात एका रात्री कंपाउंडमधला कुत्रा बिबट्याने नेला. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून ‘पिंजरा लावा’ या अर्जावर सह्या गोळा करणारा मीच होतो. निम्म्याहून अधिक सह्या तर चहा पिता पिता मिळाल्या.

चौकशीला आलेल्या वनरक्षकाने अर्ज वाचला आणि विचारलं, “काका, तुमची कचराकुंडी कुठंय?” मी दाखवली. उघडी, भरून वाहणारी, भोवती सात-आठ कुत्री. तो म्हणाला, “कचऱ्याला कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो येतो. याला नेलं तर रिकाम्या जागेत दुसरा येईल. लांब सोडलेला तिथे बावरतो, परत यायला बघतो. मग धोका वाढतो.”

मला ओशाळल्यासारखं झालं. अर्ज फाडला. कुंडीला झाकण आलं, मागच्या बाजूला दिवे लागले, अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडायचं नाही असं ठरलं. जंगलातल्या पाड्यांवरचे लोक वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या देव मानून त्याच्या शेजारी राहत आले. आपल्याला निदान कचरा तरी सांभाळता यावा!

आता मात्र कुंडीचं झाकण पुन्हा उघडं दिसायला लागलंय, आणि नव्या बिऱ्हाडांतून पिंजऱ्याची भाषा ऐकू येते. त्यांना विनंती, सही करण्याआधी एकदा कुंडीपर्यंत चक्कर मारा.

या जंगलात कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. आपल्या देखत २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये डोंगर जांभळे झाले. पुढचा बहर २०३२ ला. मी असेन-नसेन, आपल्या पोरांना तो दाखवायला न्या. आणि तोवर झाकण तेवढं लावत जा.