क्रीडांगणावरील बावन्न सेकंद

(रामटेक येथे शालेय खेळाडू, क्रीडाशिक्षक आणि क्रीडाप्रेमी नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रामटेकच्या टेकडीला साहित्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तील रामगिरी तो हाच, असे मत ज्या विद्वानांनी साधार मांडले, त्यांत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे अग्रणी होत. मेघाला अलकानगरीची वाट सांगताना कविकुलगुरूने विंध्याचे नाव घेतले, गंगेचे घेतले आणि हिमालयाचेही घेतले. पुढे कित्येक शतकांनी रवींद्रनाथ ठाकुरांनी जे गीत रचले, त्यातही विंध्य आहे, हिमाचल आहे, यमुना आणि गंगा आहेत. प्रांतांच्या मालिकेत 'मराठा' या शब्दाने महाराष्ट्राचाही उल्लेख आहे. देशाच्या भूमीचे नाव घेऊन तिला वंदन करण्याची ही रीत पुरातन आहे. राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहणारा माणूस आपल्या गावापासून हिमालयापर्यंतच्या या सर्व भूमीशी आपले नाते मान्य करीत असतो.

हे राष्ट्रगीत आज शाळेच्या प्रार्थनेपुरते राहिलेले नाही. कबड्डीच्या आणि खो-खोच्या स्पर्धांत ते म्हटले जाते, तसेच नागपूरजवळ जामठा येथील विशाल क्रिकेट मैदानावर हजारो प्रेक्षकांच्या उपस्थितीतही ते वाजते. पूर्ण राष्ट्रगीतास सुमारे ५२ सेकंद लागतात. एवढ्या अल्प वेळात मैदानावर काय घडावे आणि काय घडू नये, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

खेळाच्या आरंभी राष्ट्रगीत म्हणण्याची प्रथा फार जुनी नव्हे. १९०५ साली कार्डिफ येथे न्यूझीलंडच्या रग्बी संघाने सामन्यापूर्वी आपले पारंपरिक रणनृत्य केले, तेव्हा वेल्सच्या खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी आपले राष्ट्रगीत गाऊन त्यास उत्तर दिले. या प्रथेचा आरंभ सामान्यतः तेथे मानला जातो. अमेरिकेत १९१८ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, बेसबॉलच्या अजिंक्यपद सामन्यात वाद्यवृंदाने जे गीत वाजविले, ते पुढे १९३१ साली त्या देशाचे राष्ट्रगीत झाले. या दोन्ही प्रसंगी कोणताही कायदा लोकांना उभे करीत नव्हता. भावना आधी आली. नियम मागाहून आले.

भारताची कथा याहून हृद्य आहे. भारतीय हॉकी संघाने १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. परंतु देश परतंत्र असल्याने विजयाचा ध्वज आणि विजयाचे गीत आपले नव्हते. १९३६ साली बर्लिन येथे अंतिम सामन्यापूर्वी ध्यानचंद यांच्या संघाने खेळाडूंच्या खोलीत दार लावून काँग्रेसच्या तिरंग्यास वंदन केले आणि मग मैदानात उतरून जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. त्या खोलीत प्रेक्षक नव्हते, छायाचित्रकार नव्हते, आज्ञा करणारा कोणी अधिकारीही नव्हता. राष्ट्रचिन्हाला दिलेला मान खरा असतो तो कसा, हे त्या प्रसंगावरून कळते.

पुढे १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर स्वतंत्र भारताने ब्रिटनला ४-० असे हरविले. तिरंगा वर चढला आणि 'जन गण मन'चे सूर उमटले. हे गीत १९११ साली कलकत्ता येथील काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिले गेले होते. तथापि राष्ट्रगीत म्हणून घटना समितीने त्याचा विधिवत स्वीकार केला तो २४ जानेवारी १९५० रोजी. म्हणजेच कागदोपत्री मान्यता मिळण्यापूर्वीच ते खेळाडूंच्या विजयाचे गीत झाले होते. त्यानंतर हॉकीची आणखी चार सुवर्णपदके आली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर मात्र २८ वर्षे ते गीत ऑलिंपिकच्या विजयमंचावरून ऐकू आले नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी आणि २०२१ साली टोकियोला नीरज चोप्रा यांनी ते पुन्हा ऐकविले. १९४८ पासून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंतची सर्व सुवर्णपदके मोजली, तर ती अवघी सात भरतात. मैदानावर सहज कानी पडणाऱ्या या गीताचे मोल किती आहे, हे या आकड्यावरून ध्यानी यावे.

या संदर्भात सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या वजनगटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले. ऑलिंपिकच्या रिवाजाप्रमाणे विजयमंचावर राष्ट्रगीत वाजते ते सुवर्णविजेत्याच्या देशाचे. रौप्य आणि कांस्य पदकांचे मानकरी त्याचा मान राखून उभे असतात. आपल्या गीतासाठी उभे राहणे सोपे असते. ज्याने आपल्याला मागे टाकले, त्याच्या गीतासाठीही तितक्याच आदराने उभे राहणे हे खिलाडूवृत्तीचे खरे लक्षण आहे. प्रतिस्पर्धी देशाचे राष्ट्रगीत चालू असता शिट्ट्या वाजविणे किंवा हुर्यो उडविणे यामुळे त्या देशाची मानहानी होत नाही. यजमानाच्या संस्काराची मात्र होते. १० नोव्हेंबर २०१९ रोजी जामठ्याच्या मैदानावर भारत आणि बांगलादेश यांचे संघ समोरासमोर आले होते. या दोन्ही देशांची राष्ट्रगीते एकाच कवीची, रवींद्रनाथांची, आहेत. प्रतिस्पर्ध्याचे गीत परके मानण्याची सवय किती उथळ आहे, हे सांगण्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता कायद्याकडे वळू. या विषयाबाबत समज कमी आणि गैरसमज अधिक आहेत. १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध कायद्याने राष्ट्रगीताच्या संदर्भात दोन कृत्ये दंडनीय ठरविली : गीत गाण्यास हेतुपुरस्सर प्रतिबंध करणे आणि ते गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली गेली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात समाविष्ट झाले. राष्ट्रगीत चालू असता श्रोत्यांनी सावधान स्थितीत उभे राहावे, असे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशांनी सांगितले आहे. त्याच आदेशांनी एक अपवादही केला : वार्तापट वा माहितीपटाचा भाग म्हणून ते गीत वाजले, तर प्रेक्षकांनी उठावे अशी अपेक्षा नाही, कारण त्यामुळे मान वाढण्याऐवजी गोंधळच वाढेल. राष्ट्रगीताचा जागोजागी सरसकट वापर न करण्याची बाब तर लोकांच्या सुज्ञतेवर सोपविण्यात आली.

न्यायालयांचा दृष्टिकोनही असाच समतोल राहिला आहे. केरळातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. आदराने उभे राहणाऱ्याने अनादर केला, असे म्हणता येत नाही, हा त्या निकालाचा आशय होता. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी त्याच न्यायालयाने चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजविणे सक्तीचे केले आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती मागे घेऊन ते ऐच्छिक ठरविले. जेथे ते वाजेल तेथे त्याचा आदर राखावा, ही अपेक्षा मात्र कायम ठेवली.

प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. तो शेजारच्या खुर्चीपाशी सुरू होतो. आपण उभे आहोत आणि बाजूचा एक मनुष्य बसलेला आहे, अशा वेळी काय करावे? २०१६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात गोव्यात पणजी येथील एका चित्रपटगृहात राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिलेल्या एका प्रेक्षकाला मागून मारहाण झाल्याची घटना प्रसिद्ध झाली. तो प्रेक्षक एक लेखक होता. पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे त्याला उभे राहता येत नव्हते. चाकांच्या खुर्चीवरून खेळल्या जाणाऱ्या टेनिसमध्ये त्याने भारताचे प्रतिनिधित्व केले होते. ज्याने देशाच्या नावाने खेळावे, त्यालाच देशाच्या नावाने मार बसावा, यापरता दैवदुर्विलास कोणता? मारणाऱ्याचे लक्ष गीताकडे नव्हते; ते दुसऱ्याच्या खुर्चीकडे होते. गीताचा खरा अवमान कोणाकडून झाला, हे वेगळे सांगावयास नको.

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचे जीवनही हेच शिकविते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैली जलतरणात त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते त्या स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक ठरले. देशासाठी रक्त सांडलेला आणि देशाला सुवर्ण मिळवून देणारा असा वीर उद्या एखाद्या मैदानाच्या कडेला आपल्या खुर्चीत बसलेला असेल, तर त्याच्या पायांकडे पाहून त्याच्या निष्ठेचे माप कोणी काढावे?

शासनाच्या नियमांनीही ही जाण ठेवली आहे. जानेवारी २०१७ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने दिव्यांगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : चाकांची खुर्ची वापरणाऱ्याने ती स्थिर ठेवावी आणि शरीरास शक्य तेवढी सावधता राखावी. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले. त्याचे कवी राजा बढे हे मूळचे नागपूरचे, ही विदर्भास अभिमानाची गोष्ट आहे. त्या राज्यगीताच्या वेळीही उभे राहण्याचा नियम करताना वृद्ध, आजारी, दिव्यांग, गरोदर स्त्रिया आणि लहान बालके यांना सवलत देण्यात आली. आदर आणि करुणा यांत विरोध नाही, हेच यावरून दिसते.

मैदानावर शिस्त राखण्याचा पहिला भार प्रेक्षकांवर नसून संयोजकांवर आहे. ध्वनिक्षेपक आधी तपासून घ्यावा. गीत मध्येच खरखरू लागले किंवा तुटले, तर उभ्या असलेल्यांची पंचाईत होते. गीत सुरू होण्यापूर्वी स्पष्ट घोषणा करावी आणि लोकांना उठून स्थिर होण्यास पुरेसा अवधी द्यावा. खेळाडूंचा सराव, पंचांची धावपळ आणि चहा-फराळाची ने-आण तेवढ्यापुरती थांबवावी. शक्य तेथे ध्वनिमुद्रिका वाजविण्यापेक्षा मुलांनी समूहाने गावे आणि त्यांनी शब्दांचे उच्चार आधी घोटलेले असावेत. प्रत्येक लहानमोठ्या सामन्यास राष्ट्रगीत हवेच असा हट्ट धरू नये. उद्घाटनास किंवा समारोपास ते एकदा नीट झाले, तर त्याचा ठसा अधिक उमटतो. एखादा तरुण बेफिकिरीने बसून राहिलाच, तर कार्यक्रमानंतर शिक्षकाने किंवा वडीलधाऱ्याने त्याला बाजूला घेऊन शांतपणे समजवावे. गीत चालू असताना त्याच्यावर ओरडणारा स्वतःच गीतात व्यत्यय आणीत असतो.

महाराष्ट्राच्या आखाड्यांत एक जुनी रीत आहे. मल्ल हौद्यात उतरतो तेव्हा वाकून तांबडी माती कपाळाला लावतो. कबड्डीचा गडी मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी भूमीला हात लावून तो मस्तकी नेतो. हे करा, असे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नाही आणि न करणाऱ्यास कोणी बाद ठरवीत नाही. तरीही ही रीत पिढ्यानुपिढ्या टिकली आहे, कारण लहान मुलाने वस्तादाला तसे करताना पाहिले आणि तेही तसे करू लागले. राष्ट्रगीतासाठी उभे राहण्याचा संस्कार याच मार्गाने रुजला पाहिजे. रामटेकच्या मैदानावर मोठी माणसे बोलणे थांबवून, हातातील वस्तू खाली ठेवून, स्थिर उभी राहिली, तर शेजारच्या मुलांना वेगळा उपदेश करण्याची गरज राहणार नाही. आणि त्याच रांगेत कोणी आजोबा काठी टेकून बसलेले असतील, तर त्यांना ऊन लागू नये म्हणून गीत संपताच त्यांची खुर्ची सावलीत सरकविण्यास तीच मुले पुढे होतील.