खडा निघाला, पुढे काय?



बीडहून सोलापूरच्या वाटेला लागले, की मांजरसुंब्याचा घाट येण्याआधी पाली हे गाव लागते. जवळच बिंदुसरेचे धरण आहे. या पालीत आमचे एक नातेवाईक राहतात. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. नानांच्या घरी देवळीत कित्येक वर्षे एक लहानशी बाटली असे. बाटलीत हरभऱ्याएवढा, तपकिरी, तुतीच्या फळासारखा खरबरीत खडा. शस्त्रक्रिया करून काढलेला मुतखडा तो. येणाऱ्याजाणाऱ्याला नाना बाटली दाखवीत आणि म्हणत, "गेली एकदाची पीडा!"

सहा वर्षांनी पीडा परत आली. तीच कळ, तेच लोळणे. या वेळच्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "नाना, पहिला खडा कशाचा होता?" नानांना प्रश्नच समजला नाही. ते म्हणाले, "कशाचा म्हंजे? खड्याचाच!" आम्ही सगळे हसलो. पण खरे सांगू का, हसण्यासारखे त्यात काही नव्हते. सहा वर्षे खडा डोळ्यांसमोर होता, आणि तो कशाचा आहे हे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.

मी डॉक्टर नव्हे. भूगोल शिकवणारा माणूस आहे. पण खडकांची आणि खनिजांची ओळख असल्यामुळे त्या प्रश्नाचा पाठपुरावा मी केला. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

खडीसाखर आपण सर्वांनी पाहिली आहे. साखरेचा दाट पाक करतात, त्यात दोरा सोडतात आणि पाक हलू न देता निवू देतात. पाण्यात मावेनाशी झालेली साखर दोऱ्यावर येऊन बसते. कणावर कण, ओळीवर ओळ, असे रचत जाऊन पैलूदार खडे तयार होतात. अशा शिस्तीने रचलेल्या पदार्थाला स्फटिक म्हणतात. मुतखडाही असाच वाढतो. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, यूरिक आम्ल असे पदार्थ विरघळलेले असतात. पाणी कमी पडले की पाक दाट होतो. मग कुठेतरी एखादा कण बसतो, आणि त्या कणावर पुढची रचना सुरू होते.

आता ही आतली रचना ओळखायची कशी? आपल्याकडे कापूस चौफुली लावतात. एस. टी.तून जाताना अशा रानाकडे पाहा. एरवी नुसती झाडांची गर्दी दिसते. पण गाडी एका ठराविक कोनात आली, की ओळी एकदम उघडतात आणि पार बांधापर्यंत नजर जाते. स्फटिकात अणूंच्या अशाच ओळी असतात. त्यावर क्ष-किरण सोडले, की ते ठराविक कोनांतच जोराने बाहेर पडतात. त्या कोनांवरून ओळींमधले अंतर कळते, आणि अंतरावरून पदार्थ ओळखता येतो. जर्मनीत लाउए यांनी १९१२ साली याचा पाया घातला. ब्रॅग पितापुत्रांनी ते शास्त्र पुढे नेले आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

याच थोरल्या ब्रॅगांच्या हाताखाली शिकलेली एक बाई होती, कॅथलीन लॉन्सडेल. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९४५ साली पहिल्यांदाच दोन स्त्रियांना सभासद करून घेतले, त्यांतली ही एक. उतारवयात तिने मुतखड्यांचा अभ्यास हाती घेतला. इंग्लंडमधील नॉरिच शहरी जुने मुतखडे जपून ठेवलेले होते. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी १७७३ पासून १९६१ पर्यंतचे खडे क्ष-किरणांनी तपासले आणि १९६८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपण देवळीत ठेवतो आणि विसरतो. तिकडे त्याच वस्तूची दोनशे वर्षांची वही झाली!

खड्यांच्या जाती पाहिल्या तर भूगोलाच्या शिक्षकाला मौज वाटते. एका जातीचे नाव आहे वेडेलाइट. दक्षिण ध्रुवाकडील वेडेल समुद्राच्या तळच्या गाळात हे स्फटिक सापडले, म्हणून हे नाव. हे म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट. त्याच्या रचनेत पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात. दुसरी जात ह्यूएलाइट. तेही कॅल्शियम ऑक्झलेटच, पण पाण्याचा रेणू एकच. फरक एवढासा, परिणाम मात्र मोठा. बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचे यंत्र म्युनिक येथे १९८० साली प्रथम रोग्यावर वापरले गेले. त्या लहरींनी वेडेलाइट सहज फुटतो. ह्यूएलाइट चिवट, पुष्कळदा दाद देत नाही. म्हणजे शस्त्रक्रिया कोणती करावी आणि तिला यश किती येईल, हे त्या एका पाण्याच्या रेणूवरही अवलंबून असते. नानांचा खडा नेमका या चिवट जातीचा निघाला. डॉक्टरांनी दुर्बिणीने तो काढला, आणि या खेपेस तपासणीलाही धाडला.

तिसरी जात यूरिक आम्लाची. औषधाने लघवीचा आंबटपणा कमी केला, तर हा खडा पुष्कळदा विरघळतो, शस्त्रक्रिया टळते. चौथी जात स्ट्रुव्हाइट. ही जंतूंच्या संसर्गातून वाढते. खडा काढला आणि जंतू राहिले तर खडा परत येतो. पाचवी सिस्टीनची. ती विरळा, पण आनुवंशिक. घरातल्या इतरांनाही तपासावे लागते. नाव एकच 'मुतखडा', आणि उपाय पाच तऱ्हांचे!

शस्त्रक्रिया व्यर्थ, असे मात्र कोणी समजू नये. अठराव्या शतकात लंडनमध्ये चेसेल्डन नावाचा शस्त्रवैद्य होता. गुंगीचे औषध निघण्यापूर्वीचा तो काळ. त्याने मूत्राशयातील खड्यांच्या २१३ रोग्यांचा हिशेब लिहून ठेवला. २० दगावले, बाकीचे वाचले. त्या काळी हे यश फार मोठे. पण त्या हिशेबातला दुसरा आकडा पाहा. २१३ पैकी १०५ रोगी दहा वर्षांखालची मुले होती! नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या, दूधदुभते न मिळणाऱ्या मुलांचा हा रोग. पुढे इंग्लंडमध्ये मुलांचा आहार सुधारला, तसा तो तेथून जवळजवळ नाहीसा झाला. शस्त्राने मुले वाचवली. रोग हटवला तो ताटाने.

आता आपल्या घरचे बोलू. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नानांना सांगितले, "दूध सोडा, दुधात चुना असतो." नानांनी दूध-दही सोडले, पाणी मात्र पहिल्यासारखेच, तहान लागली तरच. दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या. दुधातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि बाहेर टाकते. दूध तोडले की ऑक्झलेट मोकळे होते आणि मूत्रपिंडाकडे जाते. इटलीत १२० पुरुषांवर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना असे खडे वारंवार होत आणि लघवीतून कॅल्शियम जास्त जात असे. साठ जणांचे कॅल्शियम तोडले. साठ जणांना ते नेहमीइतके दिले, पण मीठ आणि मांस कमी केले. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात १२ जणांना.

पाण्याचाही हिशेब आहे. १९९६ साली इटलीतूनच आलेला. पहिल्यांदा खडा झालेले १९९ लोक. ९९ जणांना भरपूर पाणी प्यायला सांगितले, १०० जणांना काही सांगितले नाही. पाच वर्षांत सांगितलेल्यांपैकी १२ जणांना खडा परत आला, न सांगितलेल्यांपैकी २७ जणांना. पाण्याला पैसा लागत नाही, टाका लागत नाही.

पण श्रोतेहो, "पाणी प्या" म्हणणे सोपे आहे. आपल्या जिल्ह्यातली माणसे ऊसतोडीला जातात. उन्हात दिवसभर कोयता चालतो. आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. शाळेत संडास धड नसला, की मुलीही सकाळपासून तहानलेल्या राहतात. हा दोष त्यांचा नव्हे. सोय न करणाऱ्यांचा, म्हणजे आपला आहे. शिक्षकबंधुभगिनींनो, दोन तासांनी पाण्याची एक घंटा वाजवा, आणि त्याआधी संडासाचे दार लागते की नाही ते पाहा. वर्गात दोऱ्यावर साखरेचे खडे वाढवून दाखवा. मुले हा धडा जन्मभर विसरणार नाहीत.

राहता राहिल्या चार व्यवहाराच्या गोष्टी. खडा पडला किंवा काढला, तर तो तपासायला द्या आणि निकालाचा कागद जपा. लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर होईल इतके पाणी प्या. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तोंडाने ओढून खडा काढून दाखवणाऱ्याच्या नादी लागू नका. कातडीतून खडा बाहेर येत नसतो. आणि कळ येऊन थंडीताप भरला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नाना आता सकाळी तांब्याभर पाणी पिऊन रानात जातात, आणि जाताना पाण्याची कळशी बरोबर नेतात. जेवणात ताक घेतात. देवळीत बाटली नाही. तिथे घडी घातलेला एक कागद आहे. कोणी विचारले की नाना तो काढून दाखवतात आणि सांगतात, "आमचा खडा ह्या जातीचा."